पाल्याशी नातं : काळजीवाहक

अक्का, सप्रेम नमस्कार.

यंदाच्या स्नेहसंमेलनात आदर्श पालक पुरस्कारासाठी मी तुमचं नाव सुचवलं होतं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. अर्ज छापील होता. त्यात ‘पाल्याशी नातं’ असा रकाना आणि पुढे पर्याय : आई, वडील, आजी, आजोबा, इतर नातेवाईक. तुम्ही मुलींच्या बालगृहाच्या काळजीवाहक, यातल्या कशातच बसेनात. कुणी म्हणालं, आईपुढे खूण करून टाका, ऐकायलाही बरं वाटतं. कुणी म्हणालं, उद्या कुणी विचारलं तर? एकांनी तर पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गात ज्यांचं पाल्य आहे त्यांना नेमक्या कुठल्या पाल्याचे पालक धरायचं, असा मुद्दा काढला. मग चहा आला. पुरस्कार दुसऱ्याच एका पालकांना गेला. तेही भले गृहस्थ आहेत. वर्षातून एकदा येतात आणि मांडवाचा खर्च उचलतात.

दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही पिशवीतून सही झालेली प्रगतिपुस्तकं काढत होता. मान वर न करता म्हणालात, “काळजीवाहक लिहायचं की बाई. तेच पद हाय माझं. आई कशाला लिहायचं? पोरींच्या आया हायत की.”

तर शाल-श्रीफळ राहिलं. हे पत्र कुठल्या समितीकडून मंजूर करून घ्यायचं नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय.

यात मुलींची नावं नाहीत, तुमचं नाही, संस्थेचं नाही, आपल्या शाळेचंही नाही. ही शिस्त तुमचीच. संस्थेत दप्तरं वाटायला एक मंडळी आली होती, आठवतं? मलाही बोलावलं होतं. बॅनर बांधून झाला, मुलींना उंचीप्रमाणे उभं केलं, फोटोवाला गुडघ्यावर बसला आणि तुम्ही त्याच्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिलात. आवाज चढवला नाहीत. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४, असं म्हणालात. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाहुणे गोरेमोरे झाले. त्यावर तुम्हीच तोडगा काढलात : “फोटो दप्तरांचा काढा की साहेब. दप्तरं तुमचीच हायत.” आणि खरंच, दुसऱ्या दिवशी पेपरात ओळीनं मांडलेली दप्तरं आणि दोन्ही बाजूंना हसरे दाते असा फोटो आला. एवढा चांगला फोटो मी त्या पानावर दुसरा पाहिलेला नाही.

तुमच्या कामाची लोकांना कल्पना नसते. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर तो “म्हणजे रिमांड होम ना?” असं विचारतो, आणि मागे बसलेली मुलगी खिडकीबाहेर बघायला लागते. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांचं निरीक्षणगृह वेगळं आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचं बालगृह वेगळं, हे शिकलेल्यांनाही माहीत नसतं. दुसरा समज म्हणजे तिथल्या सगळ्या मुली अनाथ. तुमच्याकडच्या बऱ्याच जणींना आई आहे. कुणाचा बाप गेला आणि आई दिवसभर विड्या वळते. एका खोलीत, दाराला धड कडी नाही, तिथं वाढत्या वयाची पोर एकटी कशी ठेवायची? कुणाची आई सिव्हिलला महिनोन्‌महिने पडून. आणि काही जणी गाडीनं आलेल्या. आपलं सोलापूर स्टेशन मुंबई-चेन्नई मार्गावर; दिवसरात्र गाड्या, कर्नाटकातून, आंध्र-तेलंगणातून. फलाटावर एकटी दिसलेली पोर रेल्वे पोलीस किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवाले ताब्यात घेतात. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तिला बाल कल्याण समितीपुढे उभं करायचं. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ती समिती आदेश काढते, आणि त्या आदेशाचा कागद घेऊन कुणीतरी तुमचं दार वाजवतं. तुमच्याकडचा नियम मी ऐकलाय : आधी जेवण, मग अंघोळ, मग रजिस्टर.

आणि भाषा. तुमच्या घरी तेलुगू, गल्लीत कानडी, कारखान्यात दखनी, शाळेत मराठी. शहराच्या पूर्व भागातल्या कुणालाही यात विशेष वाटणार नाही, पण नव्या पोरीपुढे उकिडवं बसून तुम्ही एकेक भाषा काढता ते मी जवळून पाहिलंय. “ऊटा आयता?” उत्तर नाही. “तिन्नावा?” नाही. “खाना खाए क्या?” नाही. प्रत्येक भाषेत पहिला प्रश्न जेवलीस का हाच.

एकदा मात्र तुमच्या चारही भाषा तोकड्या पडल्या. पाचवीत आलेली ती मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणायची नाही. रजिस्टरमधलं नाव तिला स्टेशनवर कुणीतरी दिलेलं. त्या नावानं ती वळतही नव्हती. वर्गशिक्षकांनी मूकबधिर असावी म्हणून तपासणीला पाठवायचं ठरवलं. तुम्ही म्हणालात, चार दिवस थांबा. शाळेच्या वाटेवर तेव्हा रस्त्याचं काम चालू होतं, खडी टाकणाऱ्या बायकांत आरशांचं भरतकाम केलेल्या ओढणीची एक लमाण बाई होती, आणि तिथून जाताना ही पोर रोज पाय ओढत चालते, हे तुमच्या ध्यानात आलं होतं. मला तर ते काम चालू आहे एवढंच दिसायचं. तुम्ही अधीक्षकांची रीतसर परवानगी काढलीत, त्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी पदरची दिलीत आणि मधल्या सुट्टीत तिला घेऊन शाळेत आलात. पाण्याच्या टाकीजवळ ती बाई पोरीशेजारी बसली. काय बोलली ते मला कळलं नाही. एक शब्द तेवढा कळला, ‘याडी’, म्हणजे आई. पोरीनं मान वर केली. मग ती जी बोलत सुटली, घंटा होऊन गेली तरी थांबेना. तुम्ही मात्र वही काढून लिहीत होता : तांड्याचं नाव, बापाचं नाव, मुकादमाचं नाव, शेळीचं नाव. शेळीचंसुद्धा. आईबाप ऊसतोडीला आलेले आणि स्टेशनच्या गर्दीत चुकामूक झालेली. पुढचं काम समितीनं, पोलिसांनी, पलीकडच्या जिल्ह्यातल्या समितीनं केलं, त्यांचंही श्रेय आहेच. पण शेळीचं नाव तुम्ही लिहून घेतलंत, आणि पालक खरेच का याची खातरजमा करायची वेळ आली तेव्हा ते उपयोगी पडलं.

पालकसभेबद्दल तर मी स्वतंत्र लेख लिहू शकते. आमच्या सभेला मुलांच्या आया येतात, वडील फोनवर बोलत बाहेर उभे असतात, आणि तुम्ही येता हातात लांबलचक यादी घेऊन. पाचवीपासून सुरुवात. प्रत्येक वर्गशिक्षकापुढे खुर्ची ओढून बसायचं आणि म्हणायचं, “तक्रार सांगा बाई. कौतुक मागनं.” स्टाफरूमला याची सवय नव्हती. संस्थेतल्या मुलींबद्दल बोलताना आमचा आवाज आपोआप मऊ होतो. ‘बिचारी’ हा शब्द तोंडात तयार असतो. गणिताच्या सरांनी एकीला पस्तीसला टेकवलं होतं, तिच्या पेपरात एकोणतीस निघाले होते. तुम्ही पेपर मागून बेरीज केलीत. “सहा मार्क कशाचे सर?” सर म्हणाले, असू द्या अक्का, पोरीला कुणी नाही. तुम्ही म्हणालात, “म्हणूनच म्हणते. पुढं बोर्डात कोण टेकवणार तिला? एकोणतीस लिवा आणि काय येत न्हाई ते सांगा.” सरांनी खोडून एकोणतीस लिहिले. मग अपूर्णांक आणि टक्केवारी येत नाही असं सांगितलं, आणि तुम्ही ते यादीवर तिच्या नावापुढे लिहून घेतलंत. त्या मुलीनं दहावीला गणितात किती मिळवले ते मी इथं लिहीत नाही, नाहीतर लोकांना ती गोष्ट वाटेल. पास झाली, एवढं पुरे.

मला वाटतं, तुमच्या कामाचं मर्म इथं आहे. दया दाखवणारे पुष्कळ येतात. वाढदिवसाला जेवण देतात, पंधरा ऑगस्टला लाडू देतात, त्यांचं वाईट नाही. पण आपल्या पोरी चारचौघींसारख्या दिसाव्यात, चारचौघींसारख्या बोलणी खाव्यात, यासाठी जिवाचं रान करणारं माणूस मी तुमच्याशिवाय पाहिलेलं नाही.

कापडाचीच गोष्ट घ्या. गणवेश शिवणाऱ्या एका कारखानदारानं संस्थेला अख्खा तागा दिला, गुलाबी, बारीक फुलांचा. सगळ्या मुलींना एकसारखे फ्रॉक शिवून गड्ड्याच्या जत्रेला न्यायचं, छान दिसतील, अशी त्यांची इच्छा. तुम्ही कापड मानानं घेतलंत. मग रात्री मशीनवर बसून कुणाला नुसता कुर्ता, कुणाला गुलाबी अस्तर लावून दुसऱ्या रंगाचा घागरा, कुणाला फक्त ओढणी, कुणाच्या फ्रॉकला कॉलर, कुणाच्या झालर. होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत मला तुम्ही भेटलात तेव्हा मुली गर्दीत अशा मिसळल्या होत्या की मला त्या एकदम ओळखू आल्या नाहीत. तुम्हाला अर्थातच आल्या. मोजणी तुमची चालूच होती, ओठांतल्या ओठांत, तेलुगूत. कारखानदारसाहेबही तिथं सहकुटुंब आले होते. त्यांनी आपलंच कापड ओळखलं नाही!

केसांचं तर मला गुपितच कळलंय. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. उजनी धरण भरलेलं असलं तरी येत नाही, तो वेगळा विषय. संस्थेच्या भागात पाणी आलं की दुसऱ्या दिवशी शाळेत तुमच्या मुलींच्या वेण्या शिकेकाईच्या वासाच्या. एकही पोर उवांची म्हणून वर्गातून परत पाठवायची वेळ माझ्या आठवणीत आलेली नाही, आणि हे मी घरून येणाऱ्या मुलींबद्दल म्हणू शकत नाही. तुम्ही फाटकाशी उभ्या राहून शेवटची रिबीन बांधता तेव्हा तुमच्या अंगठ्याची आणि तर्जनीची एक गिरकी असते. ती विडीच्या दोऱ्याची आहे, हे तुम्हीच एकदा सांगितलंत. लहानपणी शाळेतून आल्यावर कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा मारायचा. आईच्या हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय अभ्यासाला बसायचं नाही. विडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा फॉर्म तुम्ही तेव्हा स्वतःचा स्वतः भरला होता. कागदपत्रांची तुमची भीती तिथंच मोडली असणार.

कारण कागदांच्या बाबतीत आमचे क्लार्क तुम्हाला घाबरतात. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, प्रवेश कसा देऊ, असं त्यांनी एकदा विचारलं. तुम्ही शांतपणे शिक्षण हक्क कायदा २००९ मधलं कलम १४ सांगितलंत, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही ते. वर ‘वयाप्रमाणे वर्ग द्या, मागचं आम्ही भरून काढतो’ हेही. जन्मतारीख माहीत नसेल तर एक जून टाकायची, ही आपल्या शाळांची जुनी रीत. अख्ख्या महाराष्ट्रात एका पिढीचा वाढदिवस एक जूनला येतो तो त्यामुळेच. तुम्ही ती रीत आमच्याकडे बंद पाडलीत. वयाचा प्रश्न उद्भवला तर कायदा आधी शाळेचा दाखला बघतो, तेव्हा समितीनं आदेशात लिहिलेलं वय बघितल्याशिवाय जनरल रजिस्टरला शाई लावायची नाही, असं तुमचं म्हणणं.

तरी आधीच एक जून होऊन आलेल्या मुली होत्याच. परिपाठाच्या वेळी ज्यांचा वाढदिवस त्यांची नावं पुकारतात, टाळ्या वाजतात. एक जूनला शाळा उन्हाळी सुट्टीत. म्हणजे या मुलींचं नाव कधीच पुकारलं जायचं नाही. आम्हा कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. तुम्ही मुख्याध्यापकांना सुचवलंत की शाळा उघडल्यावरच्या पहिल्या शनिवारी सुट्टीतले सगळे वाढदिवस एकत्र घ्यावेत. आता घेतात. एप्रिल-मेमध्ये जन्मलेली घरची मुलंही त्या रांगेत उभी राहतात आणि कुणाची तारीख खरी, कुणाची शाळेनं दिलेली, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कळत नाही.

२०२० च्या लॉकडाऊनबद्दल थोडक्यात. तुम्ही संस्थेतच मुक्काम ठोकला होता, घर हाकेच्या अंतरावर असून. शाळा मोबाइलवर आली आणि तुमच्याकडे इतक्या इयत्तांना फोन मोजके. त्यातला एक तुमचा. माझा मराठीचा तास चालू असताना मधेच तुमच्या भावाचा फोन यायचा आणि कविता तुटायची. त्या वेळी तुमच्या घरच्यांनी काय काढलं असेल याची मला कल्पना आहे. हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा. मानधन दोन-दोन महिने लांबतं तेव्हा तुमचं घर तेच चालवतात, हेही मला माहीत आहे. ते लांबू नये, असं इथं स्पष्ट लिहिते. तुम्ही लिहिणार नाही.

आता त्या वाक्याबद्दल, पोरींच्या आया हायत की. गेल्या वर्षी आठवीतली आपली एक हुशार मुलगी घरी गेली. चित्रकलेची ग्रेड परीक्षा तोंडावर आलेली, मला वाटत होतं वर्ष तरी पुरं होऊ द्यावं. तुमचं मत वेगळं होतं. आईला आता धुण्याभांड्याची बांधलेली कामं आहेत, भाऊ शेजारी राहायला आलाय, गृहचौकशीचा अहवाल चांगला आहे. बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये सुरू झाले की पोर घरी राहू शकते, मग इथं एक दिवस जास्त कशाला? योजनेचा अर्ज भरायला त्या आईबरोबर तुम्ही स्वतः गेलात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, एकेक कागद. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलात तेव्हा मी विचारलं, वाईट वाटत असेल ना? तुम्ही म्हणालात, “वाईट कशाचं? आपलं कामच ते. पोरगी घरी गेली की माझं काम झालं.” आणि मग महिन्याभरानं तुम्ही त्या नव्या शाळेत फोन करून ती हजर असते का, ते विचारलंत. नंतर पुन्हा. हे मला त्या शाळेतल्या माझ्या मैत्रिणीकडून कळलं.

ज्यांना खरंच कुणी नाही त्यांच्यासाठी तुमचं दुसरं कपाट आहे. अनाथ प्रमाणपत्र, २०१८ पासून राज्यात मिळणारं एक टक्का आरक्षण, अठरा पुरी झाल्यावर एकवीसपर्यंतच्या अनुरक्षणाचे, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराचे, अर्ज. प्रत्येकीची प्लास्टिकची फाइल, वर पेनानं नाव, आत पंधराव्या वर्षी आधारचे ठसे पुन्हा द्यायचे याचीसुद्धा चिठ्ठी. त्यातल्या दोघी आता नोकरीला आहेत. दिवाळीला तुमच्याकडे येतात आणि तुम्ही त्यांना आधी पीएफचं विचारता.

अक्का, आभार मानले की तुम्ही अवघडता आणि विषय बदलता, म्हणून तुमच्याच पद्धतीनं संपवते. पालकसभा शनिवारी आहे, सकाळची शाळा सुटल्यावर. तक्रारी आधीच देऊन ठेवते. सहावीतली तुमची नवी मुलगी डबा संपवत नाही, शेंगाचटणी तेवढी खाते आणि भाकरी मैत्रिणीला देते. सातवीतली भूगोलाच्या वहीत मागच्या पानांवर नवरीची चित्रं काढते. चित्रं चांगली आहेत, पण नदीखोरी राहिली. नववीतल्या दोघींनी विज्ञानाची प्रयोगवही अजून दिलेली नाही आणि दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात. दहावीतल्या एकीच्या हॉलतिकिटावर आईच्या नावात वेलांटी चुकलीय, बोर्डाकडे दुरुस्तीला अर्ज करायचाय; तिचा मूळ दाखला आणि दोन फोटो घेऊन या. कौतुक मागाहून.

तुमची,
मराठीच्या बाई
सोलापूर